बाहेरचं वायरिंग

सर, तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. मी आता पांढुर्ण्यात मोटरसायकलच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये इलेक्ट्रिकचं काम पाहते, हे तुम्हाला कळायचा काही मार्ग नव्हता. इतक्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं मला वाटलं नाही. खरं म्हणजे सांगायचं नाही असंच मी ठरवून टाकलं होतं. पण यंदा एक गोष्ट घडली, आणि ती ज्याला सांगावी असा माणूस आठवायला लागले तर तुम्हीच पुढे येता.

मोहगावची एक बाई आहे, पन्नाशीची. आठवडी बाजारात बांगड्या विकते. नवरा होता तोवर दोघं पेट्या घेऊन बसनं जायचे. तो वारल्यावर कंडक्टर एकट्या बाईच्या चार पेट्या चढवू देईना, तेव्हा ती मोटरसायकल शिकली. नवी गाडी घेतली आणि वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांची छोटी ट्रॉली बनवून मागे जोडली. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, आणि मागे पेट्यांची ट्रॉली. बाजारात लोक आधी गाडी बघतात आणि मग बांगड्या.

हिवाळ्यात एक दिवस ती आमच्या सेंटरला आली. म्हणाली, "मॅडम, ट्रॉलीले मागून लाल लाइट लावून द्या. काल सौंसरहून येऊन राहिली होती, दिवस मावळला होता. ट्रकवाल्यानं पार जवळ येऊन ब्रेक मारला. त्याले माही ट्रॉली दिसलीच नाही." मी तिला सांगितलं की या गाडीनं मागे काही ओढू नये असं कंपनीच्या पुस्तकात साफ लिहिलंय, आणि वायरिंगला बाहेरची तार जोडली की इलेक्ट्रिकची गॅरंटी संपते. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गॅरंटी गाडीची हाय, का माही?" ती हसत नव्हती. मी तरी नाहीच म्हटलं. ती गेटमधून बाहेर वळली तेव्हा मी बघत होते. तिनं ब्रेक दाबला असणार, कारण गाडी हळू झाली, पण मागून नुसत्या पेट्या आणि त्यांच्यावरचं मेणकापड दिसत होतं. गाडीचा स्वतःचा दिवाही त्यांच्यामागे झाकलेला.

पुढच्या रविवारी मी दोन बारीक लाल दिवे घेऊन मोहगावला तिच्या घरी गेले. बॅटरीपासून वेगळी तार घेतली, तिला वेगळा फ्यूज दिला, गाडीच्या स्विचवर भार येऊ नये म्हणून मध्ये रिले बसवला. जिथं कंपनीची तार कापावी लागली तिथं पीळ देऊन टेप गुंडाळला नाही. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. तुम्ही बघितलं असतं तर नाव ठेवायला जागा सापडली नसती. तिला म्हटलं, "मावशी, वायरिंगची गॅरंटी आता गेली समजा." ती मान हलवत होती, तेवढ्यात मीच पुढे म्हटलं, "पण काही होत नाही." हे कोणी मला विचारलं नव्हतं.

चार महिन्यांनी तिची बॅटरी चार्ज होईना. इंजिन चालू असताना बॅटरी भरणारी जी कॉइल असते, ती जळून काळी झाली होती. सर, माझ्या दोन बारीक दिव्यांनी ती जळणार नाही. त्याच मॉडेलच्या, ट्रॉली नसलेल्या दोन गाड्यांची कॉइल तशीच जळालेली मी त्याच महिन्यात पाहिली होती. माल कंपनीतूनच कच्चा आला होता. पण गॅरंटीच्या फॉर्मवर हिंदीत एक ओळ असते: 'बाहरी वायरिंग: हाँ / नहीं'. फॉर्म भरायचं काम माझं. मॅनेजर बाजूला उभे होते. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मॅडम, तार काढून घ्या अन् 'नहीं'वर टिक मारा. कॉइल तं आपलीच खराब निघाली ना? बाईचं काम होऊन जाईल." वायरिंग कोणी केलं, हेही त्यांनी विचारलं नाही.

मी पेन हातात धरून उभी होते, आणि मला तुमचं हजेरीचं रजिस्टर दिसायला लागलं.

सौंसरच्या आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मी एकटीच मुलगी. संत्र्याची तोड सुरू झाली की आई मला मळ्यात सोबत नेते, कारण तिच्या कमरेनं टोपलं उचलत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हालाही. परीक्षेच्या आधी तुम्ही मला बोलावता आणि सांगता की हजेरी कमी भरली, या वर्षी बसता येणार नाही. मी म्हणते, "सर, तुम्ही लिहिलं असतं तं कोणी तपासलं नसतं." तुम्ही रजिस्टर माझ्याकडे फिरवता. "पोरी, अर्थिंग शिकवलं त्या दिवशी तू नव्हती. मी हजर लिहिलं, तं उद्या खांबावर चढशील तेव्हा ते हजर तुला वाचवणार आहे का?" मी म्हटलं, "तुमचं खरं राहिलं, माझं वर्ष गेलं." रजिस्टर मात्र बदललं नाही.

त्या रिकाम्या वर्षात तुम्ही मला दर रविवारी घरी बोलावलंत. उजेड चांगला म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून आपण जळक्या पंख्यांच्या कॉइल गुंडाळायचो. काकू एका बाजूला भाकरी थापायच्या. शिकायला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून मी यायचे, आणि राग होता म्हणून बोलायचे नाही. तुम्ही मध्येच विचारायचात, "किती झाले?" वेढे मोजावेच लागतात, म्हणून मला उत्तर द्यावं लागायचं. एकशे चाळीस. एकशे साठ. वर्षभर आपल्यात एवढंच बोलणं झालं. शेवटी तुम्ही तुमचं सोल्डरिंगचं यंत्र मला दिलंत, तेव्हाही मी नुसतं घेतलं.

मी 'हाँ'वर टिक केली. खाली, कोणी केलं, तिथं माझं नाव लिहिलं. आठवड्याभरात क्लेम नामंजूर होऊन आला, आणि मला गॅरंटीच्या कामावरून काढून नव्या गाड्या तपासायला बसवलं. त्याचं मला फार वाटलं नाही. बाई आली तेव्हा मात्र मी तिच्याकडे बघू शकले नाही. ती म्हणाली, "लाइट तुम्ही लावला. काही होत नाही, हे तुम्हीच म्हटलं. अन् लिहूनबी तुम्हीच देल्लं?"

"हो, मावशी."

"खरं बोलाले माहीच गाडी भेटली का तुमाले?"

तिनं गाडी आणि ट्रॉली आमच्या आवारात सोडली, एक पेटी डोक्यावर घेतली आणि बस स्टँडच्या रस्त्याला लागली. मी हाक मारली नाही. हाक मारून काय सांगणार होते? तुमचंच ते हजेरीचं वाक्य सांगितलं असतं, तर ते तिच्या काय कामाचं? माझ्या खरेपणाची किंमत ती भरून राहिली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की मी तेव्हा निघून गेल्यावर तुम्हीही त्या रजिस्टरपाशी असेच बसून राहिला असाल. तुम्ही बरोबर होता की नाही, ते मला अजून ठरवता येत नाही. मी बरोबर होते की नाही, तेही नाही.

जळालेली कॉइल मी मागून घेतली, गाडी-ट्रॉली टेम्पोत घालून तिच्या घरी पोचवली आणि रविवारी तिथं जाऊन कॉइल गुंडाळायला बसले. तिनं आत ये म्हटलं नाही, जा असंही नाही. माझ्याकडे पाठ करून ती बांगड्यांचे डझन लावत बसली. पहिली कॉइल शॉर्ट झाली. दुसऱ्या रविवारी पुन्हा सगळं उलगडून नव्यानं भरली, वार्निश सुकायला ठेवली, आणि तिसऱ्या रविवारी इंजिनात बसवली. तिनं किक मारली, मी मीटर लावलं. बॅटरी चार्ज घ्यायला लागली. तोवर तिनं महिनाभर बाजार बसनं केले होते, एकेका पेटीनं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. ट्रॉलीचे दिवे काढून घेऊ का?"

"राहू द्या," ती म्हणाली, आणि मेणकापड झटकायला गेली. चहा विचारला नाही. मी बसनं परत आले.

हे लिहायचं कारण एवढंच होतं. पण आता एक गोष्ट राहिली आहे. काकू अजून सौंसरच्या त्याच घरात राहतात. हे कागद त्यांच्या पत्त्यावर टाकले तर त्या चष्मा लावून सगळं वाचतील, मला माहीत आहे. म्हणून टाकणार नाही. तुम्ही गेल्याचं मला उशिरा कळलं, मी नागपूरला होते, असं मी त्यांना सांगितलं आहे. त्या दिवशी मी सौंसरच्याच बस स्टँडवर होते. आपल्या वर्गातल्या एकानं येऊन सांगितलं की सरांना आता नेताहेत, चल. मी म्हटलं, माझी बस सुटेल. बसला अजून अर्धा तास होता.