डोहातून काढलेले भावजी

तीर्थरूप आईस धाकटीचा नमस्कार.

मी धडधाकट आहे. फक्त गुडघा खरचटलाय.

धबधब्यावर जीवरक्षक म्हणून पहाऱ्याला असताना मी चारचौघांत भावजींच्या कानाखाली वाजवली, असं ते सांगतील. खरं आहे.

वर जंगलात पाऊस झाला, पाणी गढुळलं, म्हणून मी शिट्टी मारून डोह रिकामा करवला. भावजी मात्र ताईच्या छकुलीला खांद्यावर घेऊन मध्येच उभे. "मेहुणीच्या शिट्टीवर नाचणारा मी नाही!" मी पोहत जाऊन छकुलीला काठाला आणलं, तोच लोंढा आला. त्यांना दोर टाकून ओढावं लागलं. बाहेर येताच ओरडले, "माझा चष्मा गेला!" मग माझा हात उठला.

माफी मागणार नाही.

ताई लेकीला कवटाळून माझ्या कानात एवढंच म्हणाली, "अजून एक मारायची होतीस."

आई, तिला माहेरी बोलावून घे.

तुझी,
धाकटी