'ते लोक' म्हणजे कोण?

बाबा, माझं पुस्तक छापायला निघालंय, आणि आभाराचं पान तेवढं अडलंय. अडलंय ते तुमच्यामुळे. वकिली सांभाळून इतकी वर्षं मी द्वेषाचाच अभ्यास करतेय, त्यातही ज्यूंच्या द्वेषाचा. आपल्या मोहाडीत कोणी ज्यू माणूस पाहिलेला नाही, तरी परवा शेजारचे काका मोबाइल पुढे करून म्हणाले, "जगातली सारी भांडनं हेच लोक लावून राहिले." मी म्हटलं, "कोन, काका? एकाचं तं नाव सांगा." काका चष्मा पुसत बसले. प्रश्न तुमचा होता, बाबा, मी नुसता वापरला.

तहसीलबाहेर कडुनिंबाखाली टेबल टाकून तुम्ही लोकांचे अर्ज लिहून द्यायचात. दहावीच्या सुट्टीत माझं अक्षर बरं म्हणून आंधळगावच्या एका शेतकऱ्याचा अर्ज तुम्ही माझ्या हाती देता. तलावाचं पाणी त्याच्या धानाला पोचत नाही. तो सांगतोय, मी झोकात लिहितेय: खालच्या टोलीचे, त्या वस्तीचे, लोक चोरटेच, ते लोक पाट फोडतात. तुम्ही वाचता आणि कागद टराटरा फाडता.

"काहून फाडला जी? त्यायनंच सांगतलं ना!"

"'ते लोक' कोनाच्या घरी रायतेत? नोटीस कोनाले देतीन? नाव सांग, बापाचं नाव सांग, गाव सांग. नाही तं अर्ज नाही."

शेतकरी आधी चिडला, मग डोकं खाजवू लागला. पाट फोडताना त्यानं कोणालाच पाहिलं नव्हतं. शेवटी अर्ज गेला तो पाट दुरुस्त करून मिळण्याचा. मी दोन दिवस अबोला धरला, तुम्हीही मनवायला आला नाहीत. हट्टीपणात आपण एकाच माळेचे मणी.

द्वेषाची जुनी पत्रकं वाचताना आजही मी पेन्सिल घेऊन नाव शोधते. पानंच्या पानं 'ते', आणि माणूस एकही नाही. माझं सगळं पुस्तक एवढंच आहे, बाकी टिपा. तुमचे फार उपकार आहेत, बाबा.

पण मुलाखतीत कोणी विचारलं, ही दृष्टी कुठून आली, की मी एका परदेशी प्राध्यापकांचं नाव सांगते. अर्जनवीस बापाची मला लाज वाटायची. काल मात्र आभाराच्या पानावर पहिलं नाव तुमचं लिहून पाठवलं. प्रकाशकांनी फोन करून विचारलं, "नावापुढे काय छापू? वडील काय करायचे?"

मी पटकन म्हणाले, "तहसीलमध्ये अधिकारी होते."

अजून मी त्यांना परत फोन केलेला नाही.