अब्बांच्या नावावर

नेरूळ,
९ मार्च २०२५

प्रिय मिस्बाह,

तुझे रोजे चालू असतील. तब्येत सांभाळत असशील, अब्बाही बरे असतील. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला दोन वर्षं झाली, म्हणून हे पत्र. आईचा गुडघा अजून दुखतो. आपला उत्स्फूर्त अभिनयाचा क्लास अजून त्याच हॉलमध्ये भरतो, वर झुंबा आणि खाली आपण.

मला स्वतःची किळस आली आहे. दुसरा शब्द सापडत नाही.

गेल्या महिन्यात जासईजवळच्या एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात वर्कशॉप घेतलं. तीसएक माणसं होती. नेहमीसारखं सांगितलं: संहिता नाही, पाठांतर नाही, समोरचा जे म्हणेल ते स्वीकारायचं, ‘हो, आणि...’ म्हणून पुढे न्यायचं. मग त्यांचा मॅनेजर उठला आणि बिलिंगमधल्या सरस्वती नावाच्या मुलीला त्याने जोडीदार म्हणून बोलावलं. कुणीतरी ‘ऑफिसची पिकनिक’ असा विषय दिला.

तो लगेच म्हणाला, “रूम एकच मिळालीय. चालेल ना तुला?” आणि तिच्या मानेवर हात ठेवला.

ती म्हणाली, “नको सर.”

मी बाजूला उभी होते. टाळी वाजवून मी म्हणाले, “नकार दिला की सीन मरतो. हो म्हण, पुढे ने.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, “हो, आणि...” पुढे तिला काही सुचेना. त्याचा हात तिथेच होता. सगळे हसले. मीही हसले, मिस्बाह. सीन रंगला असं मला वाटलं होतं.

नंतर वॉशरूममध्ये ती ओल्या रुमालाने मान पुसत होती. मान लाल झाली होती. मी विचारलं, ठीक आहेस ना? तर आवाज न चढवता म्हणाली, “मॅडम, तुमी सांगितलं म्हनून मी हो बोलली. दोन वर्सं मी त्याला नायच बोलत आली हाय. आता उद्या हापिसात काय बोलू?”

 घरी येऊन तीनदा आंघोळ केली.

त्या मुलीने नंतर ऑफिसच्या समितीकडे तक्रार केली. मी साक्ष लिहून दिली. त्याने काय केलं ते लिहिलं, मी काय म्हणाले तेही लिहिलं. तिथल्या बाईंनी विचारलं, “हे स्वतःबद्दलचं ठेवायचंय का?” मी म्हटलं, ठेवा. चौकशी चालू आहे.

आता खरं तर इथेच पत्र संपवावंसं वाटतंय.

तुझ्या शेवटच्या शोमध्ये अश्विनने सीनच्या नावाखाली तुला कमरेला धरून ओढलं होतं. तू त्याला ढकलून विंगेत निघून आलीस. मी तुला म्हणाले, “लोक हसत होते, तू सीन मोडलास.” एवढं तुला माहीत आहे. त्यानंतरचं तुला माहीत नसेल असं मी धरून चालले होते. ग्रुपमध्ये सगळे विचारायला लागले, मिस्बाह का येत नाही. अश्विनशिवाय आपले शो चालणार नाहीत अशी मला भीती होती. मी म्हटलं, “तिच्या वडिलांना आवडत नाही. घरून बंद केलं.” एकानेही उलटा प्रश्न विचारला नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना ते लगेच पटेल हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते निवडलं. आणि अब्बा तर आपल्या प्रत्येक शोला पहिल्या रांगेत बसायचे.

गेल्या मंगळवारी खांदेश्वर स्टेशनबाहेर ते भेटले. हातात खजुराची पिशवी होती. मी नजर चुकवली, पण त्यांनीच हाक मारली आणि आईच्या गुडघ्याची चौकशी केली. माझ्या तोंडून निघून गेलं, “अब्बा, मी तुमच्याबद्दल खोटं सांगितलंय.”

ते म्हणाले, “माहीत आहे. तुमच्यातल्याच एकाने मला विचारलं होतं, काका, मुलीला का अडवलंत? मी घरी येऊन मिस्बाहला विचारलं. ती म्हणाली, राहू दे, वाद नको. मग राहू दिलं.”

दोन वर्षं. वर मला चार खजूर देऊन गेले. 

आज सकाळी क्लासमध्ये बाराजण होते. अश्विनच्या समोर सगळं सांगितलं, त्याचं आणि माझं. तो म्हणाला, “यार भाविका, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलीस?” मी त्याला जायला सांगितलं. तो गेला, त्याच्यामागे सातजण गेले. उरलेल्या चौघांना मी म्हटलं, पुढच्या रविवारपासून मी शिकवणार नाही, मला आधी शिकायचंय. त्यांनी खुर्च्या लावायला मदत केली. 

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझं तुझ्यावर का टाकू? अब्बांच्या नावावर मी जे खपवलं, ते ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या प्रत्येकाला फोन करून परत घेते आहे. अजून नऊजण बाकी आहेत.

अब्बांना सलाम सांगावा इतकी माझी लायकी नाही, तरी सांग.

मैत्रीण म्हणवून घेण्याचा हक्क गमावलेली,
भाविका