चक्रांगाची चव

बाबा, आज रविवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. डार्विनमधल्या माझ्या खोलीत बसून लिहितो आहे. साबणाने तीनदा धुतले तरी हातांना बदकाच्या चरबीचा वास आहेच. ज्या कुकरी कॉलेजसाठी मी मेलबर्नला आलो ते वर्षभरात बंद पडलं. तुम्ही तर त्याच्या किती आधी गेलात. आता इथल्या एका क्लबच्या किचनमध्ये आहे. आमचा शेफ शिकारी. मारलेली रानबदकं क्लबात विकता येत नाहीत, म्हणून सुट्टीच्या दिवशी तो ती घरच्या अंगणात भाजतो आणि आम्हांला बोलावतो. लावतो फक्त मीठ. मसाला घातला तर कोणतं बदक कुठल्या पाण्यात चरलं ते जिभेला कळत नाही, असं त्याचं म्हणणं.

तुम्हीही मला हेच शिकवायचात. धरणावरून शिकार करून आलात की स्वयंपाकघरात बदकं ओळीने मांडायचात. हळदीकुंकू बदक दाण्यांवर पोसलेलं, बिनधास्त खावं. थापट्या चिखल गाळून खातो, म्हणून आई त्याला चिंचेत भिजवायची. सगळ्यांत लहान चक्रांग मात्र घरी येतच नसे. कडू असतो, म्हणायचात, आम्ही मित्र तिकडेच संपवून टाकतो. मी फारच हट्ट धरला तेव्हा भाजलेला एक तुकडा आणलात. मी तो तोंडात घालतो, आणि घशापर्यंत कडूजहर. तुम्ही पाठीवरून हात फिरवता. "आता पटलं ना, राजा?" त्यानंतर तुमचं सगळंच मला पटत गेलं.

आज साफ करायला माझ्याकडे टील आला, म्हणजे आपल्या चक्रांगाचाच भाऊ. शेफ म्हणाला, "इझी, मेट. ते हिरवं पित्त फुटलं तर सगळं कडू होईल." फुटलं नाही. मांस गोड होतं, ताटातल्या सगळ्या बदकांत गोड. बाबा, तुम्हांला मी कितीतरी बदकं साफ करताना पाहिलं आहे. तुमच्या हातून पित्त कधीच फुटलं नाही. त्या एका तुकड्याला ते तुम्ही लावलंत. तुम्हांला चक्रांग हवा होता तर खुशाल खायचा होतात; नाही मिळणार म्हणाला असतात तरी मी गप्प बसलो असतो. माझ्याच जिभेला खोटं का पाडलंत?

मघाशी आईचा फोन आला. काय जेवलास, म्हणाली. टील म्हणजे काय ते तिला कळेना, म्हणून चक्रांग म्हणालो.

"अरे, तो कडू असतो ना? तुझ्या बाबांनी कधी घरात येऊ दिला नाही. तुम्हां पोरांच्या तोंडी कडू नको, म्हणायचे."

मी दोन खाल्ले होते, हाडं चोखून.

"हो आई," मी म्हणालो, "इथलाही कडूच असतो."