आईसमोर विचारलेले प्रश्न

मॅडम,

घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना आठवड्यातून दोन दिवस सरकारी मदतनीस मिळते, म्हणून मी अर्ज केला होता. काल तुम्ही चौकशीला आलात आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माझ्या आईसमोरच विचारलंत, "या बाई घराबाहेर भरकटतात का? कपडे ओले करतात का?" आईची मान खाली गेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "छे, तसं काही नाही." तुम्ही 'मदतीची गरज नाही' असा शेरा मारलात.

खरं तर या महिन्यात ती दोनदा चौकात सापडली. आता दुकानात जाताना मी तिला कोंडून जाते. हे कळवलं तर तुम्ही तिलाच एखाद्या संस्थेत घेऊन जाल, या धास्तीने पत्र टाकवत नाही.

तुम्ही गेल्यावर माझा हात धरून ती म्हणाली, "बाई, माझी लाज राखलीत. तुमची आई नशीबवान आहे."

तिची मुलगी