कंपूच्या हौद्यात न झालेली कुस्ती

लिहून ठेवणार महिपतराव कान्होजी भोईटे, वय वर्षे बेचाळीस, नोकरी नगरपालिकेच्या चुंगी (जकात) नाक्यावर दारोगा, राहणार खासगी बाजार, लष्कर, ग्वालियर. येत्या सोमवारी माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. घाबरण्याचे कारण नाही असे डॉक्टर म्हणाले, पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. म्हणून डोके ठिकाणावर असताना, कोणी भरीस घातलेले नसताना, माझ्या मिळकतीची व्यवस्था मी आजच लावून ठेवतो. याआधी असा कागद मी केलेला नाही.

कलम १. राहत्या घरच्या दोन खोल्या, माडी आणि नळ माझी पत्नी सौ. सुलोचनाबाई हिला द्यावेत. माझे थोरले बंधू पांडुरंगराव यांना वाटणीत कंपूकडचे घर मिळालेले आहे, त्यांचा या खोल्यांवर हक्क नाही. दादा तसा हक्क सांगणारही नाहीत. वहिनी सांगतील, म्हणून लिहिले.

कलम २. पोस्टातली शिल्लक मुलगी चि. मंदा हिच्या शिक्षणासाठी आहे. लग्नासाठी नव्हे. लग्नाचे नंतर बघता येईल. तिला कॉलेजात जायचे असेल तर नात्यातल्या कोणी 'पहिलवानाची पोर शिकून काय करणार' असे तिच्यासमोर बोलू नये.

कलम ३. मुद्गलाच्या जोड्या, वडिलांचा मल्लखांब आणि बदामाचा खल तालमीतच राहावेत. माझे लंगोट जाळावेत. ते कोणी आठवण म्हणून ठेवू नयेत.

कलम ४. चांदीच्या पत्र्याची गदा. हिच्याविषयी थोडे लांबीने लिहिणे भाग आहे, कारण मंदाला खरी हकिकत ठाऊक नाही, आणि तोंडाने सांगण्याची हिंमत मला अजून झालेली नाही.

आमच्या मल्ल महासंघाचा इतिहास सांगताना आमच्या लष्कर भागातले जुने लोक तीन जागांची नावे घेतात. पहिली आमचीच, खासगी बाजारातली तालीम. संस्थानच्या काळात महासंघ इथे स्थापन झाला तेव्हा माझे वडील कान्होजी इथले वस्ताद होते. दुसरी सराफ्यामागचा हौदा. तिथे सराफ मंडळी आपापल्या गच्चीवरून कुस्ती बघत आणि आवडलेल्या पहिलवानावर वरून गुलाल टाकत. माझी पहिली नावाजलेली कुस्ती तिथली, गुलाल आठवडाभर कानांतून निघत होता. तिसरी जागा कंपूचे मैदान. त्या हौद्याच्या मातीत ताक, तेल आणि हळद असे, आणि जो तिथे अखेरची कुस्ती जिंकेल त्याला केसरी म्हणत आणि ही गदा देत.

संस्थान विलीन झाले, दरबारचा खुराक बंद झाला. मी संस्थानच्या फौजेतून सुटून नाक्यावर लागलो. इंदूरची मंडळी आणि आमची मंडळी मिळून मध्यभारताचा एकच महासंघ झाला. राजधानी हिवाळ्यात ग्वालियरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे, तशीच कुस्त्यांचीही वाटणी झाली. सुरुवातीच्या फेऱ्या इंदूरला, अखेरची थंडीत कंपूला.

सन १९५६ साली मी अखेरच्या कुस्तीपर्यंत पोचलो. माझे वय अडतीस होते, ही शेवटची संधी हे मलाही कळत होते. समोर सुनेल गावचा नंदराम गुर्जर होता, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. इंदूरला त्याच्या कुस्त्या मी पाहिल्या होत्या. तो पटात, म्हणजे पायांत, शिरला की समोरच्याला कळायच्या आत पाठ मातीला लागलेली असे. खरे सांगायचे तर मी त्याला भीत होतो, आणि रोज पहाटे त्या भीतीवरच जोर मारत होतो.

कुस्ती नोव्हेंबरात होती. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला राज्ये नव्याने आखली गेली. मध्यभारत संपला, आम्ही मध्यप्रदेशात आलो, राजधानी भोपाळ झाली. सुनेल मात्र राजस्थानात गेले. हे मी वाचले होते, पण त्याचा कुस्तीशी संबंध असेल असे मनातही आले नाही.

त्या दिवशी नंदराम आपल्या गावच्या माणसांबरोबर आला. हौद्यात उतरला, माती कपाळाला लावली, माझ्या अंगावर माती टाकली, मी त्याच्या अंगावर टाकली. सलामी होणार एवढ्यात महासंघाचे चिटणीस लक्ष्मीकांतराव हातात भोंगा घेऊन काठावर उभे राहिले. त्यांनी जाहीर केले की महासंघ आता नव्या राज्याचा आहे, नंदराम गुर्जर बाहेरच्या राज्याचे असल्यामुळे त्यांना लढता येणार नाही, सबब महिपतराव भोईटे विजयी.

नंदरामला आधी कळलेच नाही. मग तो लक्ष्मीकांतरावांना म्हणाला, "साब, मैं तो वहीं रहता हूँ. गाँव भी वहीं है. हम तो कहीं गए नहीं."

"नियम आहे बाबा," लक्ष्मीकांतराव म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचा आवाज पडला होता.

नंदरामने माझ्याकडे पाहिले. मी काहीतरी बोलेन असे त्याला वाटले असावे. मलाही वाटले होते. तेवढ्यात दादा हौद्यात उतरले, त्यांनी माझा उजवा हात धरून वर केला, आणि ओरडले, "केसरी!" आमच्या तालमीची पोरे ओरडली, मग सगळे मैदान ओरडले. मी हात खाली घेतला नाही. माझा हात माझ्या भावापेक्षा दुप्पट ताकदीचा होता, हे इथे नमूद करतो. नंदराम मातीचे अंग तसेच घेऊन काठावर चढला आणि गर्दीतून निघून गेला. त्याला धोतर नेऊन द्यायला त्याच्या गावची माणसे मागे पळाली.

घरी आलो तर सुलोचनाबाई चुलीपाशी होती. म्हणाली, "लवकर आटोपली?"

"झालीच नाही."

"मग ही गदा कसली?"

मी सांगितले. ती ऐकून घेऊन एवढेच म्हणाली, "त्याला जेवायला तरी घेऊन यायचं होतंत." ते मला सुचलेही नव्हते. आणि दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत मी घोड्यावर बसलो, हेही तितकेच खरे.

त्यानंतर केसरी म्हणून मला नाक्यावर दारोगा केले. सराफ्यात दुकानदार उठून जागा देऊ लागले. ज्यांनी सारे डोळ्यांनी पाहिले होते ते त्या दिवसाविषयी बोलत नसत. माझ्या तोंडावर तर कधीच नाही. त्यांच्या त्या सभ्यपणाची मला चीड येई. कोणी टोमणा मारला असता तर बरे वाटले असते.

सव्वा वर्ष असे गेले. मंदा शाळेतून आली आणि पाटी-दप्तर टाकून म्हणाली, "बाबा, बहनजींनी तुमच्यावर निबंध लिहायला सांगितलाय. फायनलमध्ये कौन सा दाँव लगाया था, ते सांगा ना."

मी म्हणालो, "कलाजंग."

तिने आनंदाने लिहून घेतले. निबंधाला बक्षीस मिळाले. मंदा, बाळ, तो डाव मी लावला नाही. कोणताच लावला नाही. तुझ्या निबंधातले बाकी सगळे, माझ्या मिशा, माझे दूध पिणे, माझे जोर, ते खरे आहे. तेवढे वाक्य खोटे आहे, आणि ते तुझे नाही, माझे आहे.

त्या उन्हाळ्यात मी रजा काढली, गदा सतरंजीत गुंडाळली आणि भवानीमंडीला गाडी सोडून सुनेल गाठले. ठरवून गेलो होतो की त्याच्याशी लढायचे, हरायचे आणि गदा देऊन यायचे. हरण्याविषयी मला शंका नव्हती.

नंदराम बैलांना पाणी पाजत होता. मी त्याला ओळखले नाही. पोट सुटले होते, मान बसली होती. कंपूहून परतल्यावर त्याने तालीम सोडली होती आणि मालाची गाडी हाकायला घेतली होती. त्याने मात्र मला लगेच ओळखले. "आओ दादा," म्हणाला, आणि खाट टाकली.

मी हात जोडून म्हणालो, "भाई, मेरे साथ एक कुश्ती लड़ लो."

तो हसला. नको म्हणाला. मी हट्टच धरला. शेवटी पाहुण्याचे मन मोडायचे नाही म्हणून तो उठला. गावाबाहेर पिंपळाखाली त्यांचा जुना हौदा होता, माती कडक झाली होती, ती दोघांनी मिळून कुदळीने खणली. गावचे लोक जमले. सलामी झाली. मी वाट पाहत राहिलो की तो पटात शिरेल. तो शिरला, पण त्याचा दम तिथेच संपला. माझे अंग वीस वर्षांच्या सवयीने आपोआप वळले, आणि मी खाली पाहिले तर त्याची पाठ मातीला लागलेली होती.

मी हरायला गेलो होतो आणि जिंकून उभा होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंदरामच्या आईने मला ओवाळले. कंपूला हात वर झाला तेव्हा लाज वाटली होती, पण ती अर्धीच होती. पुरी लाज मला सुनेलला वाटली. ज्या पहिलवानाला मी भीत होतो तो जगात उरलाच नव्हता, आणि त्या दिवशी कंपूला त्याला चीत करायला मला हातही लावावा लागला नव्हता.

जेवताना मी गदा त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती परत माझ्याकडे सरकवली. "अब तो आपने जीत ली," म्हणाला. "जीती हुई चीज कोई लौटाता है क्या? और मुझे गदा चाहिए भी कहाँ थी. मुझे तो कंपू में लड़ना था." मग आईला म्हणाला, "बाई, इनको और घी दे."

ही गदा दादांना तालमीत वडिलांच्या तसबिरीखाली लावायची आहे. लावू नये. ती सुलोचनाबाईच्या ताब्यात राहील. तिचे काय करावे हे मला सव्वातीन वर्षांत सुचलेले नाही. काल तिला विचारले तर म्हणाली, "आधी दवाखान्यातून घरी या. मग दोघं मिळून ठरवू." मी आलो नाही तर तिने एकटीने ठरवावे. ती जे करील ते मला मान्य आहे.

कलम ५. खासगी बाजारातल्या तालमीची जागा हौद्यासकट माझ्या एकट्याच्या नावे आहे. ती कोणाला विकता येणार नाही, तिच्यावर दुकाने काढता येणार नाहीत. कंपूचा हौदा तर आता बुजवून टाकला आहे. तालमीची देखरेख मुकुंदराव सुर्वे यांनी करावी. ते त्या दिवशी कंपूला पंच होते, आणि पुढे त्यांनी महासंघाचे काम सोडले. या हौद्यात कोणीही लढावे. कुस्तीआधी कोणाला गाव विचारू नये. कुस्ती झाल्यावर, हरलेल्याला आधी दूध द्यावे आणि मग सावकाश विचारावे. नंदराम कधी आला, लढायला नव्हे, नुसता बघायला जरी आला, तरी मुकुंदरावांनी स्वतः उठून त्याला काठावरची जागा द्यावी.

कलम ६. लक्ष्मीकांतरावांवर माझा राग नाही. दादांवर होता. दादा, तुम्ही माझा हात प्रेमाने वर केलात हे मला कळते. तो खाली घेण्याचे काम माझे होते.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः वाचले, सुलोचनाबाईला वाचून दाखवले, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्या समोर सह्या केल्या.

ठिकाण: खासगी बाजार, लष्कर, ग्वालियर
तारीख: ५ फेब्रुवारी १९६०

साक्षीदार:
१. माधवराव गोपाळकृष्ण आठल्ये, वकील, राहणार सराफा बाजार
२. जयसिंहराव सुर्वे, राहणार कंपू

सही: महिपतराव कान्होजी भोईटे

ता. क. स्वच्छ प्रत करताना वकीलसाहेबांनी सवयीने माझ्या नावाआधी 'केसरी' असे घातले होते. तो शब्द दोन ठिकाणी खोडला आहे. खाडाखोड माझ्या हातची आहे, तीवर माझी सही आहे, आणि ती कायम समजावी.
म. का. भोईटे