बोटीतल्या गाण्यांची बॅटरी

३ मार्च

मिळाला! स्टिरिओ मिळाला! आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी भंगारात चालली होती. ती आधी मालकांच्या मुलाची, त्यामुळे आतला सेट असला दणदणीत! दोन स्पीकर, मोठा अ‍ॅम्प. मालक म्हणाले, "घेऊन जा, माझ्या डोक्याचा ताप गेला." आता आईच्या साठीला बाबांच्या बोटीत गाणी वाजणार म्हणजे वाजणारच!

आईला विचारलं होतं, साठीला काय हवंय? साडी, चेन, काहीच नको म्हणाली. "सगळे एकदा बोटीत बसा, गाणी लावा, बास." 'सगळे' म्हणताना बाबांकडे बघितलं. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला.

सगळे म्हणजे दादा. तीन वर्षांपूर्वी त्याने बोट धक्क्यावर आपटली आणि बाबा चारचौघांत ओरडले — माझ्या बोटीत पुन्हा पाय ठेवायचा नाही! दादा तसाच बॅग भरून दुसऱ्या गावी नोकरीला गेला. तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशांना. आई रोज गच्चीत जाऊन त्याच्याशी फोनवर बोलते आणि खाली आली की बाबा विचारतात, "वाळले का कपडे?" सगळं कळतं त्यांना!

तेवीस तारखेला वाढदिवस. तोवर गाणी लावणं माझ्या हातात आहे. दादाचं नाही.

५ मार्च

दादाला फोन केला. स्टिरिओचं ऐकून म्हणाला, "भोंगा, तू असताना स्पीकर कशाला?" लहानपणापासून भोंगाच म्हणतो मला, मेला.

मग मी विचारलंच — येशील का रे? तर म्हणतो, "बाबा म्हणाले तर येईन." आणि बाबा कशाला म्हणतील! नाकावरचा राग दोघांनी वाटून घेतलाय.

८ मार्च

आज पुरती तोंडघशी पडले.

स्टिरिओ इंजिनाच्याच बॅटरीला जोडला. धक्क्यावर बोट बांधलेली, मी आपली आवाज वाढवतेय, शेजारच्या बोटीतले दोघे माना डोलावतायत — काय मजा आली! आणि मग बाबांनी सेल्फ मारला. टक्. पुन्हा टक्. इंजिन मेलेलं!

बाबा नुसते हाताची घडी घालून बसले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

९ मार्च

बॅटरीवाल्याकडे गेले. त्याला कालचा पराक्रम सांगितला तर खो खो हसला. "ताई, इंजिनाच्या बॅटरीचं काम एक झटका द्यायचं. चार तास गाणी म्हणायला लावलीत तर बसणारच ना ती!" गाण्यासाठी वेगळी बॅटरी हवी. हळूहळू, पुष्कळ वेळ देणारी. आणि दोन्ही वेगळ्या ठेवायच्या. म्हणजे गाण्यांची उतरली तरी इंजिनाला धक्का नाही.

माझा अ‍ॅम्प खादाड निघाला. हिशेब करून म्हणाला, साध्या, शिशाच्या घेतल्या तर दोन लागतील, कारण त्या निम्म्याच वापरायच्या, पूर्ण उतरवल्या की लवकर खराब होतात. नाहीतर एकच लिथियमची. हलकी. पण महाग! किंमत ऐकून मी खुर्चीतच नीट बसले. साध्याच घेते म्हटलं. "आधी चालवून बघा, मग पैसे द्या," म्हणाला. सोन्यासारखा माणूस.

१२ मार्च

शिकायला येणाऱ्या काकूंनी आज रिव्हर्स घेताना विचारलं, मॅडम, तुम्ही काय गुणगुणताय? आरशात बघा म्हटलं!

१४ मार्च

दोन्ही बॅटऱ्या बोटीत नेल्या. एकेक उचलताना कंबरडं मोडलं माझं. डाव्या बाकाखाली ठेवल्या तर बोट डावीकडे कलली! बाबा चटकन उजवीकडे जाऊन बसले, मला म्हणाले, "मधे घे, मधे." आपणहून बोलले! मग दोघांनी मिळून मधल्या फळीखाली सरकवल्या. गाणी लावली. नंतर इंजिनही एका झटक्यात सुरू! मी नाचायला लागले तर बाबा म्हणाले, "खाली बस, पडशील." पण पायाने ठेका धरला होता. मी बघितलं!

मग बाबांनी बॅटऱ्यांवरचं वजन वाचलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचलं.

"दोन्ही मिळून साठ किलो. म्हणजे एक माणूस."

बोटीच्या आत पाटी आहे, बाबांनीच रंगवलेली — सहा माणसं. त्यावर एकसुद्धा नाही, अगदी लहान मूल असलं तरी नाही, असा त्यांचा नियम.

मी म्हटलं, "मग काय झालं? आपण पाचच तर आहोत. तुम्ही, आई, मी, मावशी, काका."

म्हटलं आणि जीभ चावली.

बाबा बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिले. हात कधीच स्वच्छ झाले होते. मग म्हणाले, "काढ त्या. उद्या परत दे."

१५ मार्च

परत दिल्या. इतकी चिडलेय की जेवले नाही. एवढी धावपळ केली, एवढी सुंदर वाजत होती गाणी, आणि यांनी एका शब्दात पाणी फिरवलं! नको असेल तर सरळ नको म्हणा ना! वजनाचं निमित्त कशाला? आईला काय सांगू मी?

आईने ताट झाकून ठेवलंय. अजून जाणार नाहीये स्वयंपाकघरात.

(गेले. भूक लागली.)

१७ मार्च

अहाहा!! कुठून सुरुवात करू!

दुपारी बॅटरीवाल्याचा फोन. "ताई, तुमचे वडील येऊन गेले. लिथियमची घेऊन गेले."

मी रस्त्यात, शेजारी काकू स्टिअरिंगवर! गाडी बाजूला घ्यायला लावली. काय म्हणाले बाबा? "काही नाही. सगळ्यात हलकी दाखव म्हणाले. भाव केला नाही."

बाबांनी भाव केला नाही! माझे बाबा!

घरी आले तर बॅटरी टेबलावर. एका हाताने उचलली मी. बाबांना विचारलं, ही का? तर म्हणाले, "माझ्याने जड उचलवत नाही आता. कंबर दुखते." आई आतून म्हणाली, "अहो, परवा एकट्याने कपाट सरकवलंत की!" बाबा गच्चीत निघून गेले. कपडे बघायला!

माझ्या मनात एक विचार आलाय. लिहीत नाही. लिहिला आणि तसं झालं नाही तर?

१९ मार्च

बसवली! संध्याकाळभर वाजवली, खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो, मी आणि बाबा. इंजिन बंद करून मधेच थांबलो, गाणी चालू. पाण्यावर आवाज असा काही पसरतो! अंगावर काटा आला. बाबांना म्हटलं, आई वेडी होईल. ते म्हणाले, "आवाज जरा कमी कर." दोन मिनिटांनी स्वतःच वाढवला.

येताना एकदाच म्हणाले, "उरते ना जागा?"

मी हो म्हटलं.

२० मार्च

दादाचा फोन. आवाज असा की मी घाबरलेच.

"बाबांचा फोन आला होता, भोंगा. कसा आहेस नाही, काही नाही. एकदम म्हणाले, तुझं वजन किती आहे सध्या? मी म्हटलं, एक्क्याऐंशी."

"मग?"

"म्हणाले, वाढलंय. पण बसेल. ये."